सदतीस नंबरचं घर

छत्तीस घरांच्या दारांवर गेरूनं आकडे लिहिले ते लहानूकाकांनी, आणि सदतिसावा आकडा त्यांनी स्वतःच्या दारावर लिहिला. लिहून झाल्यावर ते दोन पावलं मागे सरकले, मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा पुढे होऊन सातची शेपटी जरा लांब ओढली. दुसऱ्या कुठल्याही दारावर त्यांनी अशी हौस केली नव्हती. आतून यमुनाकाकी बाहेर आल्या, आकड्याकडे बघितलं.

"आता घर सरकारचां जालां का?" त्यांनी विचारलं.

"सरकारचां नाय," काका म्हणाले, "मॅडमचां."

मॅडम म्हणजे मी. वय सव्वीस, पाठीवर सॅक, सॅकमध्ये छापील फॉर्मांचा गठ्ठा. मी सांगलीकडची, उसाच्या गावातली. आमच्या शेतात पाणी बटण दाबलं की यायचं. शिकले शेतीचं अर्थशास्त्र, आणि नोकरी लागली ती जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या लहान शेतांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात. काम सांगायला सोपं होतं. कुटुंबाकडे जमीन किती, राबणारे हात किती, बियाणं-खत किती, पाऊस किती. आणि एवढ्यातून पिकलं किती. सारख्याच साधनांतून एकाला जास्त पिकतं आणि दुसऱ्याला कमी, ते का, हे शोधायचं. प्रत्येक शेताला शेवटी एक आकडा मिळायचा. एकाच्या जवळ गेला तर शेत कार्यक्षम, शून्याकडे घसरला तर नाही.

पाड्यांवर घरात बोलायची भाषा वेगळी. पोरं शाळेत मराठी शिकतात, म्हाताऱ्यांना ती समजते पण तोंडात बसत नाही. म्हणून मला दुभाष्या हवा होता. खोडाळ्याच्या बाजारात कुणीतरी लहानूकाकांचं नाव सांगितलं. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी, अंग काटक, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ठाण्याला दोन वर्षं वॉचमन होते, तिथून हिंदी आणलेली. ती फक्त रागावल्यावर बाहेर यायची. कुत्रं अंगावर आलं, एसटी न थांबता गेली, की काका हिंदीत बोलायचे. माणसावर मात्र मी त्यांना हिंदीत रागावताना ऐकलं नाही.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात तंबाखूची डबी, पेन्सिल आणि एक दगड. पहिल्या दिवशी मला वाटलं कुत्र्यासाठी असेल. दगड साधा, काळा, गुळगुळीत. नंतर कळलं, जव्हारच्या बाजारात एका चाचांचं वजनकाट्यांचं दुकान होतं, त्यांच्याकडून काकांनी तो दगड अगदी बरोबर तोलून घेतला होता. पाड्यावर कुठेही धान्य मोजायचं तर आधी काका काट्याला दगड लावायचे. काट्यानं बरोबर वजन दाखवलं तरच पुढचं.

"चाचाचा काटा खोटा असला तर?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"मग सगळ्यांनाच सारखा खोटा," ते म्हणाले. "कोणा एकावर अन्याय नाय."

दुभाष्याचं काम ते कसं करायचे ते सांगते. वरच्या पाड्यावर एक म्हातारी होती. फॉर्मात प्रश्न होता, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, निंदणीला एकूण किती तास लागले. मी विचारलं, काकांनी तिच्या बोलीत विचारलं. मग म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. हातवारे झाले, हसणं झालं, एकदा डोळ्यांना पदर लागला, पुन्हा हसणं झालं. मी पेन उघडून बसलेली. दहा मिनिटांनी काका माझ्याकडे वळले.

"चार दिवस," ते म्हणाले.

"एवढा वेळ बोलली त्याचे चार दिवस?"

"पहिल्या दिवशी लेक आली, पण तिचा पोर आजारी, तां बांधावर ठेवून निंदत होती. अर्धा दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यात. मग म्हातारी एकटी बसली, तिला एका ओळीला सगळी सकाळ लागते." त्यांनी फॉर्मकडे बोट केलं. "तुमच्या कागदात पोर कुठां लिहाचां तां मना सापडला नाय. म्हणून चार सांगितलां."

मी चार लिहिलं.

पावसाचंही तसंच. फॉर्मात पावसाचा एकच आकडा, तालुक्याचा. एका दुपारी आम्ही खिंडीत उभे होतो. डाव्या अंगाला पाऊस इतका की खालचा पाडा दिसेना. उजव्या अंगाला ऊन पडलेलं आणि तिथल्या वरईला पाण्याची ओढ लागलेली. काकांनी डोक्यावरचं प्लास्टिक सारखं केलं आणि विचारलं, "हा पाऊस कोणाच्या नावावर लिहाल?"

जमिनीसाठी फॉर्मात तीन चौकटी होत्या: हलकी, मध्यम, भारी. काका चौकटीवर खूण करू द्यायच्या आधी हातातली काठी जमिनीत खुपसायचे. काठी खडकाला लागली की तिथं बोट धरून बाहेर काढायचे आणि वितीनं मोजायचे. एक वीत माती. पाऊण वीत. खाली खाचरात दोन विती. एकाच माणसाच्या एकाच शेतात तीन जागी तीन तऱ्हा. मला ते इतकं पटलं, की फॉर्मच्या कडेला मी पेननं 'वीत' असा रकाना आखला आणि भरायला लागले. पहिला गठ्ठा पुण्याला गेला. आमचे सर फोनवर हसले. "अहो, कुणाची वीत? तुमची का त्या गृहस्थांची? असं चालत नाही. काढा ते." मी काढलं. काका मात्र पुढेही काठी खुपसत राहिले. मी लिहीत नव्हते, तरी मोठ्यानं सांगत राहिले, "दीड वीत." जणू कुणीतरी लिहून घेतंय.

त्यांची स्वतःची शेती म्हणजे उतारावर नागली आणि वरईचा एक तुकडा, आणि खाली ओहोळाला लागून भाताची तीन खाचरं. "भात पाहुण्यासाठी, नागली पोटासाठी," असं ते म्हणायचे, पण जीव होता त्या खाचरांवर. तिथं पाणी टिकतं म्हणून ते उशिरा पिकणारं गरवं भात लावायचे. अभ्यासाला कुठली घरं घ्यायची ते सोडतीनं ठरायचं. त्यांच्याच घराची चिठ्ठी निघाली, तेव्हा मी सरांना विचारलं होतं की आपल्याच माणसाचं शेत घ्यायचं का. सर म्हणाले, चिठ्ठी निघाली ना, मग घ्या. काकांना भारी आनंद झाला होता. त्या हौसेतूनच ती सातची लांब शेपटी.

आता जुलैचं सांगायला हवं.

या भागात भाताची लावणी, तिला आवण म्हणतात, ती कुणी एकट्यानं करत नाही. पाड्यातली सात-आठ घरं मिळून करतात. आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे. प्रत्येक घरातून दोन माणसं जायची आणि आपली पाळी आली की सगळ्या घरांतून दोन-दोन माणसं आपल्याकडे यायची. याला सावड म्हणतात. रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की आवण उरकावी लागते. रोप वयात गेलं की मग त्याला फुटवे धरत नाहीत. पाऊस थांबत नाही, चिखल थांबत नाही, रोप थांबत नाही.

आणि माझा सर्व्हेही थांबत नव्हता. लावणीला किती हात, किती दिवस, हे त्याच वेळी समोर बसून टिपायचं होतं. नंतर विचारलं तर लोक विसरतात, असं आम्हाला शिकवलेलं. वर-खाली पसरलेल्या चार पाड्यांवर रोज कुणाची ना कुणाची आवण चाललेली. मी आणि काका पहाटे निघायचो, भिजून चिंब व्हायचो, बांधावर उकिडवे बसून लिहायचो. ओल्या कागदावर पेन चालायचं नाही, म्हणून काका त्यांची पेन्सिल द्यायचे. बांधावरून चालताना ते चपला काढून हातात घ्यायचे आणि मलाही बूट काढायला लावायचे. "घसराल तर घसराल, पण कोणाचा बांध फुटाचा नाय."

एका संध्याकाळी परत येताना ते म्हणाले, "बाय, परवा आणि तेरवा दोन दिवस मी नाय आलो तर?" तोवर 'मॅडम' गळून 'बाय' झालेलं होतं.

"का हो काका?"

"काही नाय. आवण आहा. भिवाकडे पाळी, मग सोमाकडे. माझे दोन दिवस आधीच चुकले."

मी डोक्यात घरं मोजली. वरच्या पाड्यावरची आठ घरं राहिली होती. ती सुटली असती तर सगळ्या नमुन्यातला त्या उंचीवरचा तुकडाच रिकामा. म्हणून मी म्हणाले, आणि ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, "काका, एवढी आठ घरं होऊ देत. मग तुम्ही खुशाल आठवडाभर घ्या. आत्ता गेलं तर वर्ष गेलं."

ते लगेच म्हणाले, "बरां."

एवढंच. वाद नाही, दुसरं कारण नाही. मी तेव्हा माझ्या वर्षाचं बोलले होते. त्यांच्याही वर्षाचं तेच होतं, हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शेतीचं अर्थशास्त्रच शिकले होते मी. रोप किती दिवसांचं लावलं की उत्पन्न किती घटतं, याच्या आलेखावर मला परीक्षेत प्रश्न आला होता.

आठ घरांना पाऊस धरून अकरा दिवस लागले. तोवर सावडीत काकांच्या घरातून एकट्या यमुनाकाकी जात होत्या. एका घरातून एकच माणूस म्हणजे ते घर अर्धं. कुणी भांडलं नाही, तोंडावर बोललं नाही. फक्त काकांची पाळी मागे गेली, सगळ्यात शेवटी, आणि दोन दिवसांच्या जागी एक दिवस लोक आले. एक खाचर झालं. उरलेली दोन नवरा-बायकोनं मिळून लावली. रोपं तोवर गुडघ्याएवढी झालेली, पेरं धरलेली.

शेवटचं खाचर लावून झालं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होते. नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन. यमुनाकाकी चुलीपाशी पाठमोऱ्या बसून भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या पायांच्या बोटांमधली कातडी चिखलानं पांढरी पडून फाटली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काकी, झाली का आवण?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "आमची आवण यंदा तुमच्या कागदावर जाली," त्या म्हणाल्या.

"ए," काका म्हणाले. "बायला भाकर दे."

मला भाकर मिळाली. मी ती खाल्ली. खाताना मनात आलं, फॉर्ममध्ये 'शेरा' म्हणून एक ओळ असते, तिथं सदतीस नंबरच्या घरासाठी लिहायचं: कुटुंबप्रमुख सर्वेक्षणाच्या कामात असल्यामुळे लावणीला उशीर. मुक्कामावर गेल्यावर फॉर्म काढला. आणि थांबले. ती ओळ वाचून सर विचारणार, तुम्ही आवणीच्या दिवसांत शेतकऱ्याला शेतातून उचललात? मग तो नमुना बाद. आणि नमुना बाद म्हणजे माझ्या कामात खोट. मी तिथं फक्त लावणीची तारीख लिहिली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तारीख अगदी बरोबर होती.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताला काही झालं नाही. ज्यांनी गरवं वेळेवर लावलं होतं त्यांचंही बरंच हातात आलं. काकांच्या खाचरातलं भात नेमकं दाणा भरायच्या वेळी कोरड्यात सापडलं. लोंब्या वर आल्या त्या ताठच राहिल्या. भरलेली लोंबी वाकते. ही वाकली नाही.

पीककापणीला मी गेले. उत्पन्न मोजायला शेतात चौकोन कुठे आखायचा ती जागा चिठ्ठीनं ठरते. चिठ्ठी निघाली ती खालच्या खाचरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्याची. शेजारचा तुकडा, आवणीच्या एका दिवशी लोकांनी लावलेला, बराच बरा होता. मी म्हणाले, "काका, हवं तर पुन्हा चिठ्ठी काढूया."

"का?"

"असंच. हा कोपरा..."

"सोमाकडे चिठ्ठी पुन्हा काढली होती का?" त्यांनी विचारलं. "आला तो कोपरा आला."

त्यांनी स्वतः दोरी धरली, स्वतः कापलं, स्वतः झोडलं. मग पिशवीतून दगड काढून काट्याला लावला, काटा बरोबर आहे हे मला दाखवलं आणि आपलं भात लावलं. आकडा मोठ्यानं वाचला. बांधावर दोघं-तिघं उभे होते, त्यांच्यासमोर. जसा इतर छत्तीस घरांचा वाचला होता, त्याच आवाजात. मी लिहिताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

जानेवारीत जव्हारला सभा झाली. एका सभागृहात खुर्च्या, चहा, पडद्यावर आलेख. पुण्याहून आमचे सर, तालुक्याचे एक-दोन अधिकारी, आणि पाड्यांवरून जीपमधून आणलेली चाळीसेक माणसं. आलेखात नावं नव्हती, फक्त घरांचे नंबर, वरून खाली कार्यक्षमतेच्या उतरत्या क्रमानं. नावं लपवायची असतात, असा नियम. पण त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आपल्या दारावरचा आकडा पाठ होता.

सगळ्यात खाली, बाकीच्यांपासून जरा तुटून, सदतीस.

अधिकाऱ्यांपैकी एकांना गंमत वाटली. चांगले होते ते, स्वभावानं मोकळे. "हा सदतीस कोण बरं? आहे का इथं? रागवायचं नाही, सांगा."

नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं. काका उठून उभे राहिले. "मीच तो, साहेब."

"अरे! तुम्ही तर आमच्या मॅडमना सगळीकडे फिरवता! सगळ्या तालुक्याची शेती बघितलीत, आणि स्वतःच्या शेतात काय झालं?"

हशा झाला. भिवा हसला, सोमा हसला. काकाही हसले. मग सगळे थांबले आणि त्यांच्या उत्तराची वाट बघायला लागले. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पडद्याच्या बाजूला लॅपटॉपपाशी उभी होते. आलेख पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. त्या बघण्यात मागणं काही नव्हतं. नुसतं बघितलं, रस्ता ओलांडताना माणूस बाजूला बघतो तसं.

"आळस जाला, साहेब," ते म्हणाले.

पुन्हा हशा. सर म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे." मी पुढचा आलेख लावला.

दोन पावलांवर माईक होता. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी नंतर कितीदा तरी जुळवलं आहे, लांब, आखूड, विनोदी, गंभीर. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटत होतं, की सरांनी आत्ता काही विचारू नये.

सभा संपल्यावर नेहमीसारखी माझी सॅक काकांनी उचलून एसटीत ठेवली. खिडकीची जागा धरून दिली. "जेवून घ्या, बाय," म्हणाले, आणि जीपकडे गेले.

अहवाल मी लिहिला. त्यात एक परिच्छेद सगळ्यात कमी कार्यक्षम शेतांबद्दल होता. मी लिहिलं, 'उशिरा झालेली लावणी व मनुष्यबळाच्या नियोजनातील त्रुटी ही प्रमुख कारणे दिसतात.' वाक्य नीटनेटकं आहे. पुढे ते दुसऱ्यांनी आपापल्या कामात उचललंही. पर्यावरणाच्या परिस्थितीचा परिणाम वेगळा काढला असता जे उरतं, ते शेतकऱ्याचं कर्तृत्व किंवा दोष, अशी आमची रीत. त्या उरलेल्या भागात मी होते.

दुसऱ्या हंगामाला दुभाष्या नेमताना सर म्हणाले, "ते गृहस्थ चांगले आहेत हो, पण सभेत सगळ्यांसमोर झालं ना ते. लोक म्हणतील, ह्यालाच शेती जमत नाही, हा काय आम्हाला विचारणार. दुसरं कुणी बघा." मी दुसरं बघितलं. मोटारसायकल असलेला माणूस मिळाला, कामं भराभर होऊ लागली. काकांना मी हे बाजारात उभ्या उभ्या सांगितलं. म्हणाले, "बरां जालां. मना पण घरचां काम आहा." मग मला तिथल्या एका बाईकडून करटुली घेऊन दिली. चांगली निवडून, एकेक दाबून बघून.

त्या हंगामात पाड्यावर गेले की मी त्यांच्या घरावरून जायचं टाळायचे. ओहोळाच्या अंगानं लांबचा रस्ता होता, तो धरायचे. तिकडून त्यांची खाचरं दिसायची. एकदा बघितलं, आवण वेळेवर झालेली, हिरवीगार. मला केवढं हायसं वाटलं. जणू ते मीच दुरुस्त केलं होतं.

प्रकल्प संपला. मी पुण्यात आले, बढती मिळाली, आता माझ्या हाताखालची पोरं फॉर्म घेऊन हिंडतात. दोन वर्षं गेली. एका दिवाळीच्या आधी मला काय झालं कुणास ठाऊक, रजा काढली आणि निघाले. कुणी काही बोललं नव्हतं, काही घडलं नव्हतं. त्या अहवालातलं ते वाक्य एका मुलीनं माझ्यापुढे मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, एवढंच. ती म्हणाली, "मॅडम, नियोजनातली त्रुटी म्हणजे नक्की काय?" मी तिला काहीतरी सांगितलं.

खोडाळ्याला उतरले तेव्हा बाजार भरलेला. पुढे पाड्यापर्यंत चालत जायचं म्हणून पाण्याची बाटली घेत होते, तर रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी. मागे माणसं, बोचकी, भांडी, दोन कोंबड्या. नाशिकच्या बाजूला द्राक्षबागांच्या कामाला निघालेली टोळी. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलेलं. मागच्या फळीला टेकून लहानूकाका बसलेले, शेजारी यमुनाकाकी. काका वाळले होते. केस बरेच पांढरे.

"बाय!" त्यांनीच आधी बघितलं. आणि मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "ह्या आमच्या मॅडम! आमच्याकडे होत्या दोन वर्षां!" लोकांनी माझ्याकडे बघितलं. यमुनाकाकींनी मान हलवली.

"तुमच्याकडेच निघाले होते, काका."

"आमी तर निघालो. होळीला येऊ."

घरी चुलीपाशी बसून सावकाश बोलायचं म्हणून मी सगळं जुळवून आणलं होतं. आता वेळच नव्हता. मी फळीला हात लावला आणि इंजिनाच्या आवाजावरून बोलले, "काका, त्या वर्षीचं तुमचं भात माझ्यामुळं गेलं. तुम्ही दोन दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. जव्हारच्या सभेत मी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण थांबलेलं.

"भात कशानं गेलां तां मना ठाऊक होतां," ते हळूच म्हणाले. मला ऐकायला पुढे वाकावं लागलं. "तुमाला ठाऊक आहा का नाय, तां मना ठाऊक नव्हतां. मी हिला सांगत होतो, शिकलेली पोर आहा, उसाच्या गावची, तिला आवणीतलां काय कळणार."

यमुनाकाकी गाडीच्या दुसऱ्या बाजूला बघत होत्या.

एवढी वर्षं त्यांनी मला न कळणारी पोर म्हणून सोडून दिलं होतं. बायकोचा राग तेवढ्यावर अडवून धरला होता. सांगून हलकं व्हायला मी पुण्याहून आले, आणि त्यांच्याजवळ माझं म्हणून जे काही चांगलं उरलं होतं, तेही त्यांच्या हातून काढून घेतलं.

मुकादमानं फळी थापटली. गाडी हलली. काकांनी फळीवरचा माझा हात बाजूला केला, चेंगरू नये म्हणून, अगदी हलकेच. मग ते बोचकं सारखं करायला लागले. गाडी बाजारातून वाट काढत पुढे गेली, वळणावर मंद झाली. गाडीतली दोन-तीन अनोळखी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. यमुनाकाकींनी हात वर केला, मला का दुसऱ्या कुणाला ते समजलं नाही. काका पुढे तोंड करून बसले होते, रस्त्याकडे.